कच्च्या नोंदीतून पक्का रंग

पूर्वी कापडाच्या पेढीवर गिऱ्हाईक आले, की गादीवर साडी उलगडली जाई. गिऱ्हाईक पदर हातात घेई, दाराशी उजेडात नेऊन रंग निरखी आणि मगच भावाची बोलणी सुरू होत. आज या क्रमाच्या आधी आणखी एक पायरी आली आहे. परगावचे गिऱ्हाईक साडी प्रथम पाहते ते मोबाइलच्या पडद्यावर. दाराशी उजेडात नेऊन रंग दाखविण्याचे काम आता छायाचित्राकडे आले आहे. ते काम नीट झाले नाही, आमसुली रंग वांगी दिसला किंवा डाळिंबी रंग नुसताच लाल दिसला, तर साडी परत येते. जाण्यायेण्याचे भाडे पेढीच्या नावे पडते, घडी मोडलेला माल पुन्हा विकावा लागतो आणि पेढीच्या शब्दाला बट्टा लागतो तो निराळाच.

या कामासाठी व्यापारी घरांतील तरुण मंडळी चांगला कॅमेरा घेतात आणि जाणकारांच्या सल्ल्यावरून छायाचित्रे ‘रॉ’ म्हणजे कच्च्या स्वरूपात टिपू लागतात. येथे पहिली निराशा पदरी येते. कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर झळझळीत दिसलेली पैठणी संगणकावर उघडताच फिकी, धुरकट आणि निर्जीव भासते. मग रंगाची तीव्रता वाढविणारी कळ शेवटपर्यंत ओढली जाते. काठावरचा लाल रंग भडकतो, त्यातील वीण नाहीशी होते, नेसणारीचा चेहरा नारिंगी होतो आणि मूळ साडी कोणती होती हे पेढीवरच्या माणसालाही ओळखू येत नाही. कच्च्या छायाचित्रातून तेजस्वी रंग मिळतात हे खरे. पण ते शेवटच्या कळीने मिळत नाहीत. त्यांची तजवीज बरीच आधी करावी लागते.

कीर्द आणि ताळेबंद

व्यापारी वाचकांना हे कोडे जमाखर्चाच्या भाषेत सहज उलगडेल. कॅमेऱ्यातून तयार होऊन निघणारी जेपेग फाइल म्हणजे वर्षअखेरचा ताळेबंद आणि रॉ फाइल म्हणजे रोजची कीर्द. कीर्दीवरून ताळेबंद केव्हाही मांडता येतो; ताळेबंदावरून कीर्द पुन्हा लिहिता येत नाही.

कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म घटक असतात. त्यांना रंग कळत नाही. किती प्रकाश पडला, एवढेच ते मोजतात. म्हणून प्रत्येक घटकावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक बारीक काच बसविलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांत तिची जी मांडणी असते, तिचे पेटंट ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावे १९७६ मध्ये मंजूर झाले. दर चार घटकांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा, अशी ही मांडणी आहे. उजळपणातील सूक्ष्म भेद मानवी डोळा मुख्यतः हिरव्या भागावरून ओळखतो, म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. याचा अर्थ, २ कोटी ४० लाख घटकांच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख हिरव्या, ६० लाख लाल आणि ६० लाख निळ्या नोंदी होतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या नोंदींवरून गणिताने काढले जातात. रॉ फाइलमध्ये हे गणित अद्याप झालेले नसते. तेथे केवळ मोजलेले आकडे असतात.

या आकड्यांची बारकाईही निराळी असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजळपणाच्या २५६ पायऱ्या असतात. तिन्ही रंग मिळून १,६७,७७,२१६ छटा होतात आणि पाहण्यासाठी त्या पुरेशा ठरतात. रॉ फाइल १२ बिटांची असेल तर पायऱ्या ४,०९६ आणि १४ बिटांची असेल तर १६,३८४. पाहताना हा फरक जाणवत नाही. रंग उजळू-गडद करू लागताच जाणवतो. २५६ पायऱ्यांची फाइल ताणली, की निळ्या जमिनीवर पट्टे उमटतात आणि सावलीतील रंग मातकट होतो. १६,३८४ पायऱ्यांत तसे ताणण्यास बरीच जागा राहते.

फिकेपणाचे कारण

मग इतकी समृद्ध नोंद फिकी का दिसते? कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे चित्र दिसते ते रॉ नसतेच. रॉ फाइलसोबत कॅमेरा एक लहान जेपेग स्वतः तयार करून ठेवतो. त्यात त्याने आपल्या पद्धतीने उठाव वाढविलेला असतो, रंग गडद केलेले असतात, कडा रेखीव केलेल्या असतात. कॅननमध्ये या पद्धतीस ‘पिक्चर स्टाइल’ म्हणतात, निकॉनमध्ये ‘पिक्चर कंट्रोल’. संगणकावरील सॉफ्टवेअर रॉ उघडते तेव्हा हे संस्कार बाजूस सारून स्वतःची सौम्य पद्धत लावते. शिवाय संवेदकाची मोजणी सरळ प्रमाणात असते, म्हणजे दुप्पट प्रकाशास दुप्पट आकडा; डोळ्याचे तसे नसते. ती नोंद डोळ्यास रुचेल अशा वळणावर आणण्याचे काम कोणीतरी करावेच लागते. फिकेपणा हा कॅमेऱ्याचा दोष नाही. तो अपुऱ्या राहिलेल्या कामाचा परिणाम आहे.

ज्यांना कॅमेऱ्यात दिसले तेच संगणकावर हवे असेल, त्यांनी कंपनीचेच विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. कॅननचे ‘डिजिटल फोटो प्रोफेशनल’ आणि निकॉनचे ‘एनएक्स स्टुडिओ’ कॅमेऱ्यातील संस्कार जसेच्या तसे वाचतात. इतर मार्ग हवा असल्यास अडोबीचे ‘लाइटरूम’ आहे. ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’ ही तर विनामूल्य उपलब्ध आहेत.

नफा खरेदीत असतो

नफा विक्रीत नसतो, खरेदीत असतो, असे जुने व्यापारी म्हणत. रंगाच्या बाबतीत ही खरेदी प्रकाशाची असते. जो रंग प्रकाशातच नाही, तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

दुकानातील एलईडी दिव्यांची येथे विशेष परीक्षा करावी. दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे ते माप. १०० हा त्याचा सर्वोच्च अंक. परंतु ही सरासरी आठ सौम्य रंगांवरून काढतात आणि गडद लाल रंग त्या आठांत येत नाही. तो ‘आर९’ या नावाने स्वतंत्र मोजला जातो. म्हणून ८० अंकांच्या स्वस्त दिव्याखाली पांढरे कापड चांगले दिसते, पण कुंकवासारखा लाल शालू मंद पडतो. ९५ किंवा त्याहून अधिक अंकाचा आणि आर९ चांगला असलेला दिवा घ्यावा, किंवा उत्तरेकडील खिडकीचा, थेट ऊन न येणारा उजेड वापरावा. एका बाजूने ट्यूबलाइट आणि दुसऱ्या बाजूने दारातला उजेड असे मिश्रण टाळावे. साडीचा अर्धा भाग पिवळा व अर्धा निळसर झाला, तर एकाच सुधारणेने दोन्ही सरळ होत नाहीत.

रेशमावरील पांढरट चकाकी रंग झाकून टाकते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ‘पोलरायझर’ नावाची फिरती काच लावली, तर योग्य कोनातून ही चकाकी बरीच कमी होते आणि तिच्याखालचा रंग वर येतो. धातूच्या पृष्ठावरील प्रतिबिंबावर या काचेचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे जरीची झळाळी बव्हंशी टिकते. हे काम नंतर संगणकावर साधत नाही.

प्रकाश किती घ्यावा, हाही खरेदीचाच प्रश्न. १४ बिटांच्या नोंदीतील १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, सर्वांत उजळ टप्प्यास मिळतात. त्याच्या निम्म्या प्रकाशाच्या टप्प्यास ४,०९६, त्याखालच्यास २,०४८. चित्र दोन टप्पे काळोखे घेतले तर हाती केवळ ४,०९६ पायऱ्या राहतात, आणि नंतर उजळताना रंगांत दाणेदारपणा येतो. म्हणून चित्र शक्य तितके उजळ घ्यावे. मात्र कोणताही एक रंग भांड्याबाहेर सांडू देऊ नये. लाल शालूच्या बाबतीत लाल मोजणी सर्वांआधी काठोकाठ भरते. एकदा ती ओसंडली, की त्या भागातील बुट्टे आणि वीण यांची नोंदच राहत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखविण्याची सोय असल्यास तीच पाहावी.

पायऱ्यांचा क्रम

संगणकावरील कामात क्रमास मोठे महत्त्व आहे. खतावणी करण्याआधी बेरीज मारीत नाहीत, तसेच हे.

पहिली पायरी पांढऱ्या रंगाचा समतोल, म्हणजे ‘व्हाइट बॅलन्स’. प्रकाशाचा रंग केल्विन या मापात सांगतात. जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २,८००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० आणि सावलीतला ७,००० ते ८,००० केल्विन. डोळा हा फरक आपोआप भरून काढतो, कॅमेरा काढीत नाही. रॉ फाइलमध्ये हा समतोल पक्का झालेला नसतो. तो केवळ एक शेरा असतो आणि नंतर निर्धास्तपणे बदलता येतो. त्यासाठी साडीशेजारी तटस्थ राखाडी पत्रक ठेवून एक चित्र घ्यावे आणि संगणकावर त्या राखाडीवर टिचकी द्यावी. सगळ्या रंगांवर बसलेला पिवळा किंवा हिरवा पडदा एका क्षणात दूर होतो. बहुतेक वेळा ज्या फिकेपणासाठी रंग वाढविले जातात, तो या पडद्याचाच असतो.

दुसरी पायरी कॅमेऱ्याच्या प्रोफाइलची, म्हणजे या संवेदकाचे आकडे कोणत्या रंगास लावायचे त्या कोष्टकाची. सॉफ्टवेअरमध्ये अशी अनेक कोष्टके असतात आणि एकाच फाइलवर ती पालटून पाहिली तर रंग स्पष्टपणे बदलतात. अचूकतेसाठी १९७६ पासून प्रचारात असलेले २४ चौकोनांचे ‘कलरचेकर’ पत्रक वापरतात. त्याचे चित्र घेतले, की सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याचे आणि त्या दिव्याचे खास कोष्टक तयार करून देते.

तिसरी पायरी काळ्या-पांढऱ्या टोकांची. चित्रातील सर्वांत गडद जागा खरोखर गडद आणि सर्वांत उजळ जागा पुरेशी उजळ करावी, मग मधल्या छटांना हलका उठाव द्यावा. केवळ एवढ्याने रंग खोल होतात. कारण धुरकटपणा म्हणजे प्रत्येक रंगात मिसळलेला पांढरा अंश, आणि तो येथे निघून जातो. या पायरीनंतर रंग वाढविण्याची गरज कितीतरी वेळा उरतच नाही.

चौथी पायरी रंगाच्या तीव्रतेची. येथे दोन कळा असतात. ‘सॅच्युरेशन’ सर्व रंग सरसकट वाढविते. जो आधीच भरलेला आहे तोही. ‘व्हायब्रन्स’ मंद रंगांना अधिक व भरलेल्या रंगांना कमी वाढविते, आणि त्वचेच्या रंगास सांभाळून घेते. विवाहसमारंभाच्या चित्रांत माणसे आणि वस्त्रे एकत्र असतात, तेथे दुसरी कळच उपयोगाची, तीही थोडी. तिच्यानंतर एखाद्याच रंगात फरक वाटत असेल, तर तेवढाच रंग निवडून सुधारण्याची सोय असते. मोरपंखी निळसर दिसत असल्यास तेवढाच किंचित हिरव्याकडे न्यावा. संपूर्ण चित्र हलविण्याचे कारण नाही.

पडदा आणि कागद

इतके करूनही रंग बिघडतो तो शेवटच्या टप्प्यात, फाइल बाहेर पाठविताना. संगणकात रंगांची निरनिराळी क्षेत्रे असतात. १९९६ मध्ये पुढे आलेले ‘एसआरजीबी’ हे सर्वसाधारण पडद्यांचे क्षेत्र. १९९८ चे ‘अडोबी आरजीबी’ त्याहून विस्तृत. विस्तृत म्हणून ते निवडावे असा मोह होतो. परंतु ती फाइल हे क्षेत्र न ओळखणाऱ्या ॲपमध्ये गेली, की सर्व रंग मरगळलेले दिसतात. मोबाइलवर पाठवावयाची चित्रे एसआरजीबी मध्येच काढावीत. छपाईचे क्षेत्र आणखी वेगळे. चार शाईंच्या छपाईत झळझळीत निळा, पोपटी आणि नारिंगी हे रंग पडद्याइतके उमटत नाहीत, म्हणून पत्रिका किंवा सूचीपत्र छापण्यापूर्वी नमुना प्रत काढून पाहावी.

ज्या पडद्यावर रंग ठरवायचा, तो पडदाच खोटा असेल तर सारे श्रम वाया जातात. खोटे माप ठेवून तोलण्यासारखेच ते. पडद्याचा रंग तपासून सरळ करणारे लहान यंत्र बाजारात मिळते. ते नसल्यास निदान पडद्याचा उजळपणा मध्यम ठेवावा आणि मोबाइलमध्ये भडक रंगांची व्यवस्था असल्यास ती बंद करून नैसर्गिक व्यवस्था निवडावी.

रंगाची सचोटी

कॅमेरा आणि डोळा एकसारखे पाहत नाहीत, हे रंगीत छायाचित्रणाच्या आरंभापासूनच दिसून आले आहे. १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एका चौकड्याच्या फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून एकत्र पाडून रंगीत चित्र दाखविले. त्या काळच्या काचा लाल प्रकाश जवळजवळ टिपतच नसत. तरी लाल भाग उमटला कसा? शंभर वर्षांनी झालेल्या तपासणीत उत्तर मिळाले, की लाल कापड डोळ्यास न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होते आणि काचेने ते टिपले होते. आजही काही रंगविलेली कापडे कॅमेऱ्यास डोळ्याहून वेगळी दिसतात. म्हणून शेवटचा निकाल पडद्याने द्यायचा नाही; मूळ वस्त्र संगणकाशेजारी चांगल्या उजेडात ठेवून डोळ्याने द्यायचा.

काही रंगांपुढे तर चित्रच अपुरे पडते. मोरपंखीच्या काही गडद छटा एसआरजीबी क्षेत्राच्या बाहेर असतात. त्या सामान्य पडद्यावर दिसतच नाहीत. पैठणीतील धूपछाव हा ताण्याच्या एका आणि बाण्याच्या दुसऱ्या रंगाचा खेळ. कोन बदलला, की रंग बदलतो. तेथे एक चित्र भडक करण्यापेक्षा दोन कोनांतून दोन चित्रे द्यावीत आणि शब्दांत रंग लिहावा. अबोली, गुलबक्षी, अंजिरी, चिंतामणी, शेवाळी, विटकरी अशी नावे मराठी घरांत ओळखीची आहेत. पडदा जेथे कमी पडतो तेथे ती गिऱ्हाइकास अधिक नेमके सांगतात.

तेजस्वी रंग आणि खोटा रंग यांतील सीमा यामुळे स्पष्ट होते. निसर्गाचे दृश्य कोणी आवडीप्रमाणे रंगवावे. तेथे कोणाची फसवणूक होत नाही. विक्रीच्या मालाचे चित्र मात्र पेढीने दिलेला शब्द असतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांतही विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळणारी असावी, आणि जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देऊ नये, असे सांगितले आहे. कायद्याने हे लिहिण्यापूर्वीही चांगल्या पेढ्या साडी दाराशी उजेडात नेऊ देत होत्याच.

सॉफ्टवेअरमध्ये कितीही फेरफार केले तरी रॉ फाइलमधील मूळ आकडे बदलत नाहीत. प्रत्येक सुधारणा त्यांपासून वेगळी लिहिली जाते. म्हणून मालाच्या प्रत्येक प्रतीची रॉ फाइल, राखाडी पत्रकाच्या चित्रासह, तारीख व मालाचा क्रमांक घालून दोन ठिकाणी जपून ठेवावी. सहा महिन्यांनी तीच साडी पुन्हा मागविली गेली, नवा पडदा आला किंवा गिऱ्हाइकाने रंगाविषयी शंका काढली, तर कीर्द उघडून ताळेबंद नव्याने मांडता येतो. जी पेढी वह्या नीट ठेवते, तिला ही सवय नवी वाटणार नाही.